सालाबादचा वाचन-हिशेब

॥ श्री ॥

अ‍ॅम्स्टलव्हेन, नेदरलँड्स
२८ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे सर्दी सोडून. सध्या सूर्य पावणेनऊच्या पुढे उगवतो आणि साडेचारला मावळतो. मधल्या वेळात ढगांमागे काय करतो ते त्याचं त्याला माहीत. असल्या दिवसांत तुझं पत्र आलं, "एवढो काळोख आसता तर वाचूक वेळ भरपूर गावत आसतलो. हिशेब धाड." काळोख पडला की वाचन वाढतं हा शोध तुझाच. आपल्याकडे काळोख पडला की दिवेही जायचे, हे तू विसरलीस वाटतं.

असो. हिशेब तुझ्याच नियमाने लिहिते. पुस्तक मिटून, पान न उलटता जे सांगता येईल तेवढंच जमेला, बाकी सगळं बुडीत खाती. वाचनालयात टेबलामागे बसून तू हा नियम साऱ्या गावाला लावलास. पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला "शेवटी तिचं काय झालं?" विचारायचीस, म्हणून निम्मं वेंगुर्लं घरातल्या लहान मुलाच्या हाती पुस्तकं परत धाडायचं.

इथल्या मराठी मंडळींत नियम अगदी उलटा आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी सांगितलं, की वर्षभर आठवड्याला एक पुस्तक या हिशेबाने त्यांचे बावन्न पूर्ण होत आलेत. फोनवर आलेख दाखवला, चढता. मी विचारलं, यातलं आवडलं कुठलं? त्यांनी पुन्हा फोन काढून बघितलं. आत्या, त्या क्षणी तू तिथे हवी होतीस. गृहस्थ फराळ टाकून निघून गेले असते.

आधी तुझ्या जावयांचा हिशेब देते, कारण तो लवकर संपतो. वर्षभरात त्यांनी मन लावून वाचलेला मजकूर म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्राची पुस्तिका आणि इथल्या आयकर खात्याची पत्रं. ही पत्रं निळ्या लिफाफ्यात येतात. दारातल्या फटीतून निळा कोपरा दिसला की घरात सगळे हळू आवाजात बोलू लागतात. जावई ते पत्र आधी भाषांतराच्या अ‍ॅपमधून वाचतात, मग मूळ डचमधून, मग माझ्याकडून वाचून घेतात, आणि पुढे महिनाभर त्यातले परिच्छेद पाठ म्हणून दाखवतात. तुझ्या नियमाने या घरात सर्वांत खरं वाचन त्यांचंच, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय.

पण त्यांनी पुस्तकंही घेतली. त्याची गंमत अशी. इथे दर मार्चमध्ये 'बुकनवेक' म्हणजे पुस्तक सप्ताह असतो, १९३२ पासून चालत आलेला. त्या आठवड्यात ठरावीक रकमेची डच पुस्तकं घेतली की दुकानदार एक खास त्या वर्षासाठी लिहवून घेतलेलं छोटं पुस्तक भेट देतो. आणि सप्ताहातल्या रविवारी ते भेटीचं पुस्तक दाखवलं की देशभर आगगाडीचा प्रवास फुकट होता. डबा तपासणाऱ्याला तिकिटाऐवजी पुस्तक दाखवायचं! हे ऐकल्यावर तुझ्या जावयांच्या चेहऱ्यावर साहित्याबद्दल जी आस्था उमटली, ती मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. दोघांसाठी दोन भेटपुस्तकं हवीत म्हणून एक सुपांचं पुस्तक आणि एक कुंड्यांतल्या भाज्यांचं, अशी दोन डच पुस्तकं घरात आली. मुलांना अजून पूर्ण तिकीट लागत नाही. मग नकाशावर बोट ठेवून आमच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांबचं गाव शोधलं. मास्ट्रिख्त, पार दक्षिणेच्या टोकाला. "जितकं लांब तितका फायदा," असं म्हणत ते अडीच तास खिडकीतून बाहेर बघत बसले. भेटपुस्तक शेवटपर्यंत उघडलं नाही, फक्त दाखवलं.

मास्ट्रिख्तला एक तेराव्या शतकातलं चर्च आहे, त्यात २००६ पासून पुस्तकांचं दुकान चालतं. मधल्या काळात तिथे सायकलीही ठेवत होते म्हणे. उंच दगडी कमानी, आणि त्यांच्या मधोमध दोन-तीन मजली लोखंडी कपाटं, वर चढून पुस्तकं बघायची. आमच्या धाकट्याने दारातच बूट काढले. त्याला सांगितलं, अरे हे दुकान आहे. तो म्हणाला, "मग एवढं वर का बघतायत सगळे?" बूट हातात घेऊन त्याने दोन मजले पाहिले, कोणी काही बोललं नाही. फुकट प्रवासाच्या आनंदात जावयांनी तिथे मुलांना पुस्तकं घेऊन दिली आणि त्यांची किंमत तिकिटांच्या वर गेली. परतीच्या गाडीत त्यांनी हा हिशेब मनातल्या मनात केला असावा, कारण उत्रेख्तपर्यंत ते गप्प होते.

त्यांचं दुसरं व्यसन म्हणजे गल्लीतली पुस्तकांची कपाटं. इथे लोक घरासमोर काचेच्या दाराचं लहानसं कपाट उभं करतात. पुस्तक न्यावं, आपलं आणून ठेवावं, नोंद नाही, वर्गणी नाही, टेबलामागे तू नाहीस. जावई फिरायला गेले की हात हलवत परत येत नाहीत. शिडाच्या होड्यांवरचं एक, गुडघेदुखीवरचं एक, शब्दकोशाचा दुसरा खंड. पहिला खंड कोणाकडे आहे याचा तपास चालू आहे. एप्रिलच्या २७ तारखेला इथे राजाचा वाढदिवस, त्या दिवशी लोक रस्त्यावर चादर पसरून घरातलं जुनं सामान विकतात. आम्हीही बसलो. पुस्तकांना एकही गिऱ्हाईक मिळालं नाही, साबुदाणा वडे मात्र तासाभरात संपले.

आता माझं.

तुला माहीत आहेच, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना विनायक रानड्यांनी २००९ साली सुरू केली, ती पुढे परदेशांतही पोहोचली. पंचवीस पुस्तकांची पेटी, ती एका घरी मुक्कामाला, आजूबाजूच्या मराठी कुटुंबांनी तिथे जाऊन पुस्तकं बदलायची. यंदा मी त्या पेटीवर जगले. पेटी जिच्या घरी असते ती बाई आपोआप तुझ्यासारखी होते, हे मी पाहिलंय. आवाज बदलतो. "परवा नेलंय ना, झालं एवढ्यात?" असं विचारते. शिवाय चहा द्यावा लागतो, म्हणून काही जण पुस्तकापेक्षा चहालाच जास्त येतात.

पेटीतल्या पुस्तकांचं मोठं सुख म्हणजे समासातल्या नोंदी. एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'ड्रायव्हरवर लक्ष ठेवा.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'नाही, वहिनी.' मी दोघांवर लक्ष ठेवलं आणि तिसऱ्याच माणसाने खून केला. ही मजा फोनवरच्या पुस्तकात नाही, हे त्या आलेखवाल्या गृहस्थांना कोण सांगणार?

पेटीत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' होतं. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड घेऊन जाताना तू दर वेळी "ह्यो दळवींचो गाव" म्हणायचीस, आणि आम्हाला त्या वयात केळ्यांत जास्त रस. ते पुस्तक मी उत्रेख्तला कामावर जाताना गाडीत वाचलं. प्रवास पंचवीस मिनिटांचा, पण मी चुकून शांतता-डब्यात बसले होते. इथल्या गाड्यांत असा एक डबा असतो, खिडकीच्या काचेवरच 'शांतता' लिहिलेलं. त्या डब्यात दळवी वाचू नयेत. मी आधी ओठ दाबले, मग रुमाल तोंडात घातला, मग खांदे हलायला लागले, आणि शेवटी जो आवाज आला तो मला इथे लिहिता येत नाही. समोरच्या वृद्ध गृहस्थांनी न बोलता काचेकडे बोट केलं. मी डोळे पुसत त्यांना पुस्तक दाखवलं. त्यांनी देवनागरी अक्षरं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि अदबीने मान लववली. त्यांना बहुधा धर्मग्रंथ वाटला. धर्मग्रंथ वाचून माणसं इतकी खदखदत असतील तर धर्म बरा असणार, असा त्यांचा चेहरा होता. हे पुस्तक जमेला धर. कुठलंही प्रकरण विचार.

'ययाति' तू बजावून वाचायला सांगितलं होतंस, वाचलं. शिरोड्यात १९२० ते १९३८ मास्तरकी केलेल्या माणसाविषयी वावगं बोललेलं तुला खपत नाही, शिवाय मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांचं, हे सगळं ध्यानात ठेवून लिहिते. खांडेकरांनी तिघांना आळीपाळीने बोलायला दिलंय. शर्मिष्ठा बोलते तेव्हा मी ताठ बसून वाचलं. देवयानीचा राग मला पटला, थोडा आवडलासुद्धा. पण ययाति बोलायला लागला की दिवा मालवावासा वाटे. मुलाचं तारुण्य उसनं घेतलं ते एक वेळ समजू शकते, पण बोलण्याला काही आटोप? वेंगुर्ल्यात असता तर बंदरावर लोकांनी त्याला पाहून रस्ता बदलला असता. माझं हे मत पक्कं आहे. तू रागावलीस तरी बदलणार नाही.

यंदाचं खरं वाचन मात्र थोरलीमुळे झालं. इथे शाळेत मुलांना एक पुस्तक वाचून वर्गासमोर त्यावर बोलावं लागतं, म्हणजे तुझंच टेबल, फक्त शिक्षिका बसलेली. तिने अ‍ॅन फ्रँकची डायरी निवडली. पेटीत तिचा मराठी अनुवाद होता. मग जेवणाच्या टेबलावर एका बाजूला ती डचमधून, दुसऱ्या बाजूला मी मराठीतून, अशी आमची शर्यत. दर दोन पानांनी "आई, तू मागे आहेस." मी म्हटलं, मला कुकरकडेही बघायचंय.

ज्या मेर्वेडेप्लाइन चौकात ती मुलगी राहायची, तो आमच्यापासून सायकलने अर्ध्या तासाच्या आत आहे. १२ जून १९४२ ला तेराव्या वाढदिवसाला तिला लाल चौकड्यांची वही मिळाली, आणि महिनाभरात सगळं कुटुंब प्रिन्सेनग्राख्तवरच्या २६३ क्रमांकाच्या इमारतीत मागच्या भागात लपलं. दाराला आडोसा म्हणून काय, तर पुस्तकांचं फिरतं कपाट. त्याच्यामागे आठ माणसं दोन वर्षांहून जास्त काळ राहिली, ४ ऑगस्ट १९४४ ला पकडली जाईपर्यंत. कपाट अजून तिथेच आहे. ते बघायची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवडे पुढची खुली होतात, आणि गणपतीत कोकणकन्येचं आरक्षण काढताना आपल्या घरात जी धावपळ होते, तशीच मंगळवारी सकाळी आमच्याकडे झाली. तीन फोन, एक लॅपटॉप. जावयांचा जुना सराव कामी आला.

आतला जिना फार उभा आहे. थोरली पुढे, मी मागे. तिला कपाट बघायचं होतं, पण त्यापुढे जाऊन ती मला म्हणाली, "शनिवार." डायरीत आहे ते, आत्या. बाहेरून मदत करणारी मीप गीस दर शनिवारी वाचनालयातून पाच पुस्तकं आणायची, आणि लपलेली माणसं आठवडाभर त्या शनिवारची वाट बघायची. मी थोरलीला कधीतरी सांगितलं होतं, की तूही आमच्यासाठी शनिवारी पिशवीतून पुस्तकं आणायचीस. तिने विचारलं, "पण तुम्ही तर लपला नव्हतात. मग आत्याआजी का आणायची?" मला उत्तर आलं नाही. तू तिला कळव. आणि हो, वर्गात ती बिनकागदाने बोलली. बाईंनी शेवटचा प्रश्न विचारायच्या आत हिनेच बाईंना प्रश्न विचारला. तुझं रक्त.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी डेव्हेंटर गावी गेलो. आयसेल नदीच्या काठाने आणि गावातून सहाएक किलोमीटर जुन्या पुस्तकांची दुकानं मांडलेली असतात. जत्राच, फक्त खाज्याऐवजी पुस्तकं. तिथे एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनच्या ग्रंथाचा एक सुटा खंड होता. हा कंपनीच्या नोकरीतला डच पाद्री. १७२४ ते १७२६ मध्ये त्याचे पूर्वेकडच्या देशांवरचे ते जाडजूड खंड निघाले. त्यातलं शिवाजी महाराजांचं चित्र वा. सी. बेंद्र्यांनी पुढे उजेडात आणलं, ते आपल्याला ठाऊकच आहे. मी किंमत विचारली. विक्रेत्याने सांगितली. तुझ्या जावयांनी दोन्ही हात खिशात घातले आणि दुकान सोडेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

पण डचांनी आपल्यावर लिहिलेलं वाचायची खोड तिथूनच लागली. पासपोर्टाच्या कामाला हेगला भारतीय वकिलातीत जावं लागलं. तिथे मध्यवर्ती स्टेशनाला लागूनच राष्ट्रीय अभिलेखागार आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचे कागद तिथे आहेत, सलग मांडले तर किलोमीटरभराहून जास्त भरतील एवढे, आणि २००३ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत. पुष्कळसे आता घरबसल्या पडद्यावर दिसतात. काम झाल्यावर रात्री मी आपल्या वखारीचा शोध घेतला. तीच गं, बंदराजवळची पडकी, "आत जाव नको, सरपां आसत" म्हणून तू आम्हाला दरडावायचीस ती. सोळाशे तीसच्या दशकात डचांनी पोर्तुगीजांच्या गोव्याची समुद्रातून कोंडी केली, तेव्हा त्यांना जवळ पाणी, धान्य आणि टेहळणीची जागा हवी होती, म्हणून आपलं वेंगुर्लं. पानं उघडली. अक्षर असं, की ओळीतला एकही शब्द लागेना. शेवटी एक लागला, 'विंगुर्ला'. मी सगळ्यांना उठवलं. एक शब्द वाचला म्हणून जमेला धरशील का?

लहानपणी मला प्रश्न पडायचा, हे लोक इतक्या लांब येऊन आपल्या गावात बसले तरी कशाला? आता मी त्यांच्या गावात येऊन बसले आहे, आणि शेजारच्या बाई माझ्याकडे त्याच प्रश्नाने बघतात. विशेषतः बांगडे तळले की.

दिवाळी अंक मिळाले. आजगावच्या काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा अंकाबरोबर कोकमाचं आगळ पाठवायची प्रथा नसावी. तू पाठवलेली बाटली वाटेत फुटली. तीन अंक जांभळे झाले. एका दीर्घकथेची शेवटची चार पानं चिकटून बसली आहेत, ती वाफेवर सोडवली तर कथेतली नायिका नवऱ्याला सोडून जाते एवढंच कळतं, का जाते ते आगळाने खाल्लं. वार्षिक राशिभविष्य मात्र स्वच्छ राहिलं. पार्सल उशिरा पोहोचल्यामुळे त्यातले काही आठवडे आधीच उलटून गेले होते, ते ताडून बघता आले. माझ्या राशीला 'जलप्रवासाचा योग, प्रवासात सामानाची काळजी घ्या' होतं. मी घरातच होते. योग बाटलीचा निघाला.

धाकट्याने त्याच अंकात स्वतःहून आयुष्यातलं पहिलं मराठी वाक्य वाचलं. हिंगाच्या जाहिरातीतलं. एरवी तो आणि मी मिळून 'यिप आणि यानेके' वाचतो, १९५२ पासून इथल्या पोरांच्या तोंडी असलेल्या दोन शेजारी मुलांच्या गोष्टी. डच शिकायला मोठी माणसंसुद्धा त्यानेच सुरुवात करतात. मी वाचते, तो माझे उच्चार सुधारतो आणि उसासे टाकतो. हे उसासे तो कुठून शिकला हे मला चांगलं माहीत आहे.

आता वादाचं कलम. तुझे जावई हल्ली सायकल चालवताना स्टोरीटेलवर मराठी कादंबऱ्या ऐकतात. त्यांचा दावा आहे की ते वाचनात धरलं पाहिजे. माझं म्हणणं, डोळे रस्त्यावर असताना वाचन होत नाही, आणि व्हायला लागलं तर मला विम्याचे कागद काढावे लागतील. ते म्हणतात, पण मला गोष्ट सांगता येते, आणि आत्याचा नियम तेवढाच आहे. आत्या, इथे अडचण होते. काल त्यांनी भांडी घासता घासता अख्खी कादंबरी सांगितली, शेवटासकट, आणि चांगली सांगितली. मी भांडी विसळायची थांबले होते. तेव्हा निकाल तूच दे. थोरली म्हणते धरावं, धाकटा हिंगाच्या बदल्यात कुणाच्याही बाजूने मत द्यायला तयार आहे.

वाचनालयात सर्वांना नमस्कार. पुढचं पार्सल करशील तेव्हा आगळ वेगळ्या डब्यात घाल, अंक वेगळे बांध, आणि त्या दीर्घकथेतली बाई नवऱ्याला का सोडून गेली ते वाचून मला लिही. निकालही पत्रानेच कळव. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, तिथे जावई आधी वाचतात आणि तेही वाचनात धरतात.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
बाय